मेन बंद?

मंडळी, आज दिवाळीच्या दिव्यांची माळ लावताना थोडक्यात वाचलो.

संध्याकाळी सरावली गावातल्या आमच्या घरी गेल्या वर्षीची माळ चालू ठेवूनच गॅलरीच्या ग्रिलला गुंडाळत होतो. अचानक घरभर अंधार. बघतो तर आई मेन स्विचपाशी उभी.

"तू विचारलं नाय," एवढंच म्हणाली.

मोबाइलच्या उजेडात पाहिलं, अंगठ्याशेजारीच वायर सोललेली.

बाबा कारखान्यात वायरमन होते. घरातही माळेला हात लावण्याआधी कामावरच्यासारखं ओरडायचे, "मेन बंद?" आई स्विच पाडून उत्तर द्यायची, "बंद हाय!" बाबा गेले, तशी घरातली ती हाकही गेली.

नवी माळ आणली. लावण्याआधी ओरडलो, "मेन बंद?"

आईने स्विच पाडला. मग अगदी बाबांना द्यायची तसंच, ठणठणीत, "बंद हाय!"

तुमच्याकडे माळ लावताना मेनपाशी कोण उभं असतं?