व्हेल्डा पिकेन्स, तिचं पिस्तूल आणि पुढचं दार

व्हेल्डा पिकेन्सने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एवढ्या वर्षांत एकाही पोराला वाटेत उतरवलं नाही, असं आमच्या गावात सांगतात. खोटं आहे. दोघांना उतरवलं होतं. त्यातला एक आता टल्सा शहरात विमा विकतो. दुसरा गार्लंड स्टायर्स, आमच्या चर्चच्या दारावर पहारा देणाऱ्या पथकाचा प्रमुख. बारा वर्षांचा असताना त्याला तिने पुलापाशी उतरवून घरापर्यंत पायी पाठवलं होतं. आपण ते कधीच विसरलो, असं गार्लंड म्हणतो. पुरुष असलं काही विसरत नसतात.

कुणी बंदूक घेऊन चर्चमध्ये घुसला तर अडवायला हे पथक; त्यात सात जण. सहा पुरुष आणि व्हेल्डा. दर रविवारी दोघं पुढच्या दारावर, एक मागच्या, एक लहान मुलांच्या खोलीबाहेर. प्रत्येकाच्या अंगावर पिस्तूल, आणि ते कुणाला दिसता कामा नये हा पहिला नियम. कोटावरून उंचवटासुद्धा दिसायला नको. लोक देवापुढे बसायला येतात, तुरुंगात नाही.

व्हेल्डाला पुढचं दार हवं असायचं आणि ते तिला मिळायचं, कारण गावातला चाळिशीच्या आसपासचा प्रत्येक माणूस तिच्या बसमधून गेलेला. दोन वर्षांपूर्वी कर्टिस नावाचा एक जण बायकोशी भांडून, दारू पिऊन, पायऱ्या दाणदाण वाजवत वर आला. आमच्या दोन पुरुषांचे हात कोटात गेले. व्हेल्डा जागची हललीही नाही. "कर्टिस," ती म्हणाली, "टोपी काढ आणि शेवटच्या बाकावर बैस. प्रार्थना झाली की मी तुझ्याशी बोलते." कर्टिसने टोपी काढली. त्या दिवशी कुणाचं पिस्तूल बाहेर आलं नाही, ते केवळ या बाईमुळे.

तर यंदा फेब्रुवारीत, चर्चच्या बुधवारच्या जेवणाला, घेवडा आणि मक्याची भाकरी पुढ्यात असताना गार्लंड उभा राहिला आणि त्याने जाहीर केलं की आता पथकातल्या प्रत्येकाला वर्षातून दोनदा परीक्षा द्यावी लागेल. एकवीस फुटांवर कागदी बशी. पंचवीस गोळ्या. वीस बशीत लागल्या पाहिजेत. नाही लागल्या तर दार सोडायचं. बोलताना तो सगळ्यांकडे पाहत होता, पण थांबला व्हेल्डापाशी.

मार्चमध्ये बंदुका विकणाऱ्या हॉइटच्या दुकानामागच्या नेमबाजीच्या मैदानावर सराव झाला. व्हेल्डाच्या नऊ लागल्या.

मी व्हेल्डाच्या सोबतीला तिथे होते. तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, पण वर्गात नापास झालेल्या पोराचा चेहरा जसा पडतो तसा बहात्तर वर्षांच्या बाईचा पडलेला मी प्रथमच पाहिला. अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी फाटून रक्त येत होतं. चौथ्या गोळीनंतर तर ती चाप ओढण्याआधीच डोळे मिटत होती. हे मला दिसलं, तिला माहीत नव्हतं.

गार्लंड अगदी गोड आवाजात म्हणाला, "व्हेल्डाबाई, वाईट वाटून घेऊ नका. वयच आहे. स्वयंपाकघरात कॉफीपाशी कुणी तरी लागतंच."

"कॉफी तुझी तू कर," व्हेल्डा म्हणाली. "ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी परीक्षा आहे ना? मी येते."

तिचं पिस्तूल तळहाताएवढं होतं, मुठीला जांभळा रंग. लोण्याच्या अडीच कांड्यांएवढं, म्हणजे पाव किलोच्या थोडं वर, वजन. तीन वर्षांपूर्वी हॉइटनेच तिला ते विकलं होतं. छोटा हात, छोटं पिस्तूल. हे आमच्याकडचं ब्रह्मवाक्य. नवरे बायकांना देतात, बाप लेकींना देतात, आणि बायका दोन गोळ्या झाडून, हात झिणझिणला की ते पर्समध्ये टाकून देतात ते कायमचं. सुंदर लपतं, यात वाद नाही. व्हेल्डाच्या रविवारच्या झग्याच्या खिशात ते तीन वर्षं राहिलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी जाताना गाडीत मी तिला सांगितलं, "अगं, चूक तुझी नाही, वजनाची आहे. गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते तेवढा धक्का मागे येतो. पिस्तूल जड असेल तर तो धक्का थोडा त्यात मुरतो. हलकं असेल तर सगळा तुझ्या हाताला."

"मास्तरीणबाई, एवढं मोठं व्याख्यान कशाला? रिकामी बस खडीच्या रस्त्यावर उडते, पोरांनी भरलेली बस रस्त्याला चिकटून चालते. तेच ना?"

तेच. माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यात हे वाक्य मला सुचलं नाही.

मग सोमवारी सकाळी आम्ही हॉइटच्या दुकानात. हॉइट मनाने वाईट नाही, पण बाई दुकानात शिरली की तो कमी ऐकतो. त्याने लगेच एक पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. "हे घ्या, व्हेल्डाबाई. साधं, सरळ. माझ्या आईकडे हेच होतं."

"तुझ्या आईने किती गोळ्या झाडल्या त्यातून?"

"तशी... एकही नाही."

व्हेल्डाने मागे मैदानावर जाऊन दोन झाडल्या आणि परत येऊन ते काउंटरवर ठेवलं. "तुझी आई हुशार होती."

त्यानंतर एक चपटं, नऊ मिलिमीटरच्या गोळीचं. सध्या सगळे हेच घेतात. कंबरेला लावलं तर दिसत नाही, गोळ्याही भरपूर मावतात. पण मूठ इतकी आखूड की व्हेल्डाची करंगळी हवेतच राहिली, आणि प्रत्येक गोळीला नळी आभाळाकडे उडाली. मग त्याचंच मोठं भावंड. मूठ पुरी, वजन चांगलं, धक्का थेट मनगटात सरळ आणि सौम्य. पहिल्या पाचांतल्या पाचही बशीत. व्हेल्डा हसली. मग स्वतःच्या हाताने पिस्तूल भरायची वेळ आली, आणि गोळी नळीत चढवायला वरचा पोलादी भाग मागे ओढावा लागतो, तो ओढता येईना. तिच्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात आहे. तीन वेळा प्रयत्न केला, चौथ्यांदा हॉइट मदतीला आला तेव्हा तिने त्याचा हात झटकला.

"चर्चमध्ये तू माझ्यासोबत उभा राहणार आहेस का, पिस्तूल भरून द्यायला?"

आमचे चार सोमवार असे गेले. मी वहीत लिहीत होते: कुठलं, किती वजन, दहातल्या किती, हात दुखला की नाही. शेवटी मागच्या फळीवरून हॉइटने नाक मुरडत एक काढलं. काडतूस तिच्या जांभळ्या पिस्तुलाचंच, पण पिस्तूल वजनाला जवळजवळ दुप्पट, मूठ लांब, आणि वरचा भाग दोन बोटांनी मागे यावा इतका मऊ.

"हे शिकाऊ लोकांचं," हॉइट म्हणाला. "एवढ्या मोठ्या पिस्तुलात एवढं लहान काडतूस कोण घालतं? त्यापेक्षा नऊचं घ्या, मारा जास्त."

"लहान गोळी बशीत लागलेली बरी, की मोठी तुझ्या छपरात?"

दहातल्या नऊ बशीत. दुसऱ्या खेपेलाही नऊ. डोळे उघडे. मी मुद्दाम बाजूने वाकून पाहिलं.

आता प्रश्न लपवायचा. हे पिस्तूल झग्याच्या खिशात मावेना. मावलं तर झगा एका बाजूला लोंबकळू लागला, जसा खिशात दगड. पर्समध्ये ठेवायला ती तयार नव्हती. पर्स बाई कुठेही ठेवते, मग पोरं उघडतात. म्हणजे कंबरपट्टा हवा, आणि कंबरपट्ट्याला पँट हवी. आमच्या चर्चमध्ये व्हेल्डाच्या वयाच्या बाईने रविवारी पँट घातलेली कुणी पाहिलेली नाही. कायदा नाही, पण कायद्याहून वाईट. माझी आई रविवारी कोंबड्यांना दाणे टाकायलासुद्धा झग्यात जायची.

व्हेल्डाने करड्या रंगाची पँट शिवून घेतली, नवऱ्याचा जुना रुंद पट्टा कापून घेतला आणि वर सैल, बिनबाह्यांचं जाकीट. आरशासमोर ती वाकली, हात वर केले, वळली. काही दिसलं नाही.

"कशी दिसते?"

"घोड्यांच्या लिलावाला निघाल्यासारखी," मी म्हणाले.

"चालेल. तिथे लोक मला घाबरतात."

परीक्षेच्या आधीच्याच रविवारी ती तशी चर्चमध्ये आली. गार्लंडची बहीण नोव्हेला दारातच थबकली. "व्हेल्डा, कपडे बदलायचे राहिले वाटतं?"

"नाही गं. बदलूनच आले. तू आत जा, वारा येतोय."

तिसऱ्या बाकापर्यंत कुजबुज पोहोचली, मग पाचव्यापर्यंत. पास्टरनी प्रवचनात साधेपणाचा विषय काढला, तो तिच्यासाठी होता की नाही देव जाणे. व्हेल्डा दारातून हलली नाही. सगळी बुजुर्ग मंडळी तिच्या समोरूनच आत गेली.

शनिवारी सातही जण हॉइटच्या मैदानावर. गार्लंडने आधी स्वतःची पेटी उघडली आणि एक लांबलचक, भक्कम पोलादी पिस्तूल काढलं. मार्चमध्येही त्याने हेच चालवलं होतं आणि पंचवीसच्या पंचवीस लावल्या होत्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीसुद्धा.

"गार्लंड," व्हेल्डा म्हणाली, "रविवारी हेच असतं तुझ्या कंबरेला?"

"रविवारी सूट असतो, व्हेल्डाबाई. हे कसं मावेल? खिशात छोटं असतं."

"मग ते काढ."

"अहो, परीक्षा नेमाची आहे."

"कुठल्या पिस्तुलाच्या नेमाची? चर्चमध्ये काही झालं तर तू म्हणणार का, थांबा जरा, मोठं गाडीत आहे?"

एक जण हसला. बाकीच्यांपैकी दोघांनी जमिनीकडे पाहिलं, तेव्हाच मला कळलं की हे एकट्या गार्लंडचं नाही. हे आमच्याकडे घरोघरी आहे. नेम मोठ्या पिस्तुलाने धरायचा, अंगावर छोटं बाळगायचं, आणि आपण नेमबाज आहोत असं समजून सुखाने झोपायचं.

"तसं नियमात लिहिलेलं नाही," गार्लंड म्हणाला.

"नियम तूच लिहिलास. आता हेही लिही. पेन आहे माझ्याकडे."

त्याला नाही म्हणता आलं असतं. सहा माणसं पाहत होती म्हणून आलं नाही. त्याने कोटाच्या खिशातून छोटं पिस्तूल काढलं, काळं, पण व्हेल्डाच्या जांभळ्याचं सख्खं भावंड. त्याच्या अवाढव्य हातात ते लायटरसारखं दिसत होतं. पंचवीस गोळ्या झाल्या. हॉइटने बशी आणली आणि मोजून पुन्हा मोजली. तेरा. मान खाली घातलेल्या दोघांच्याही पंधरा-सोळाच्या पुढे गेल्या नाहीत.

व्हेल्डाच्या तेवीस.

पोरांनी गोंधळ घातला तर बसमध्ये ती आरशातून नुसती बघायची म्हणे. तसंच तिने गार्लंडकडे बघितलं. ते त्याला तेरापेक्षा जास्त लागलं असावं.

गाडीपाशी तो आमच्या मागे आला. "व्हेल्डाबाई, ऐका. तीन जण कमी झाले तर दारं सांभाळणार कोण? आपण आजचा दिवस सराव धरू. सगळ्यांची नावं तशीच राहतील. तुमचंही. तुम्ही मागचं दार घ्या, तिथे खुर्ची ठेवू."

"माझं नाव तेवीस गोळ्यांनी राहिलंय. तुझ्या मेहेरबानीने राहतंय असं गावाला वाटायला नको."

"मग माझं काय?"

"तू शीक. पुढच्या वेळेला ये." ती गाडीत बसली आणि काच खाली केली. "आणि गार्लंड, मुठीला करंगळी पुरेल असं काही तरी घे. तुझी सगळी बोटं बाहेर लोंबत होती."

तिने स्वतः सातही जणांचे आकडे कागदावर लिहिले आणि चर्चच्या स्वयंपाकघरात, सूचनांच्या फळीवर लावले. रविवारी सकाळी कुणी तरी तो कागद काढला. दुपारी तिने दुसरा लावला. तो राहिला.

तीन महिने दारं चार माणसांनी सांभाळली. गार्लंड बायकोशेजारी बाकावर बसायचा, हात मांडीवर, पाव्हण्यासारखा. नोव्हेला व्हेल्डाशी बोलायची थांबली. नापास झालेले दुसरे दोघं तिला "आमच्या वयाची लाज राखा" म्हणाले, त्यावर ती म्हणाली, "तुमच्या वयाची तुम्ही राखा." जुलैत गार्लंड फेरपरीक्षेला जाड पिस्तूल, रुंद पट्टा आणि एक मापाने मोठा कोट घेऊन आला, एकवीस लावल्या आणि दारावर परतला. त्याने तिचे आभार मानले नाहीत. तिनेही वाट पाहिली नव्हती.

पण अंगठ्याचा सांधा तिचं ऐकत नाही. उन्हाळ्यात बरणीचं झाकण उघडायला ती शेजारणीकडे जाऊ लागली होती, हे मला शेजारणीकडून कळलं. शस्त्रक्रिया कर म्हणून मुलगी मागे लागली आहे. ऑक्टोबरच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने मला सांगितलं, "विसाच्या खाली गेले तर तो आकडा मीच फळीवर लावीन आणि दार सोडीन. तोवर मला कुणी विचारायचं नाही. तूसुद्धा नाही."

ऑक्टोबरात एकवीस लागल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही दोघी लवकर पोहोचलो होतो, वाहनतळ रिकामा होता. माझ्याने राहवलं नाही. "व्हेल्डा, एकच जास्त आहे."

"एक पुरते," ती म्हणाली, जाकीट खाली ओढलं, आणि पहिली गाडी वळताना दिसली तशी पुढचं दार उघडायला गेली.