सहावा तुकडा लांबतो

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्या सुहासला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुहास माझा धाकटा भाऊ. गिटार वाजवतो — पण तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल तशी नाही. तारांना कपड्यांचे चिमटे लावतो, चमच्याने घासतो, कधी मांडीवर आडवी ठेवून तबल्यासारखी बडवतो. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोघांनाही पेटी शिकायला घातलं होतं. मी शिकले, डोंबिवलीत गाण्याचा क्लास काढला, आसपासच्या गायन स्पर्धांची परीक्षक झाले. हा पठ्ठ्या पेटी सोडून गिटारच्या मागे लागला आणि माजिवड्याच्या फ्लॅटमधल्या एका खोलीच्या भिंतींना गाद्या लावून तिथेच बसायला लागला. मला राग होता का त्याचा? होता थोडा. जीवही तेवढाच होता. बालवाडीत त्याला हाताला धरून मीच न्यायची. रडायला लागला की माझाच रुमाल ओला व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याने पहिला अल्बम केला. गाणी नाहीत, शब्द नाहीत. गिटार, आणि सोबत हाताला लागेल ते. असे नऊ तुकडे — ‘तुकडे’ हा त्याचाच शब्द. कुणालाही ऐकवायच्या आधी मला मोबाइलवर पाठवले. “ताई, पूर्ण ऐक हां. पळवत पळवत नको. आणि खरं सांग.”

भेंडी चिरता चिरता मी पहिला लावला. कुणीतरी फरशीवरून लोखंडी खुर्ची ओढतंय असं वाटलं. दुसरा अर्धा ऐकला. मग कुकरची शिट्टी झाली, आणि — पण कुकरवर कशाला ढकलू? मला ऐकायचंच नव्हतं. याला काय संगीत म्हणायचं, हे माझं आधीच ठरलेलं होतं.

चार दिवसांनी त्याचा फोन. ऐकलंस? ऐकलं रे, म्हटलं, छान झालंय, अगदी वेगळं. आता, इतकी वर्षं परीक्षकाच्या खुर्चीत बसलं की एक गोष्ट अंगवळणी पडते. नुसतं छान म्हटलं की पोरांच्या आयांना ते खरं वाटत नाही. एखादी चूक दाखवली, की बाईंनी कान देऊन ऐकलंय अशी खात्री पटते. म्हणून मी एक चूक काढली. “फक्त तो सहावा जरा लांबतो. काढलास तरी चालेल.” सहावाच का? तोंडात आला तो आकडा.

तो म्हणाला, “नक्की ना, ताई? सहावा?”

नक्की, म्हटलं.

“तुला वाटतंय ना तसं, मग काढतो.” आवाज उतरला होता त्याचा. टीका झोंबली असेल, असं समजून मी फोन ठेवला आणि क्लासला गेले.

पुढे महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, टेंभी नाक्याजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये अल्बम ऐकवायचा कार्यक्रम होता. अण्णा माझ्याकडेच असायचे, ब्याऐंशी वर्षांचे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून सातलाच तयार. टॅक्सी केली. कळव्याच्या पुलावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि शाळकरी पोरासारखे हसले. “आता सांगायला हरकत नाही. सहावा नीट ऐक. माझा टाळ आहे त्यात.”

मी नणंदेकडे नाशिकला गेले होते, तेव्हा सुहास घरी येऊन अण्णांचा टाळ रेकॉर्ड करून गेला होता. कोकणातून मुंबईला नोकरीला येताना अण्णांनी ट्रंकेतून आणलेला तो टाळ, आमच्या बिल्डिंगच्या गुरुवारच्या भजनात अजून वाजायचा. ताईला सांगायचं नाही, गंमत करायची, असं बापलेकांचं ठरलं होतं.

माझा फोन माझ्या हातात होता. हॉल अजून वीस मिनिटांवर होता. ‘सुहास, मी ऐकलंच नव्हतं, सहावा लाव’ — एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. कशाची भीती वाटली? धाकट्या भावासमोर खोटी पडण्याची. एवढीच.

हॉलमध्ये अण्णा पहिल्या रांगेत बसून बोटांवर मोजत होते. पाच झाले, सहावा सुरू झाला, त्यात टाळ नव्हता. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून त्यांनी सातव्याला मान पुढे केली, मग आठव्याला. आठव्यानंतर सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. अण्णांनीही वाजवल्या. सुहासच्या पाठीवर थोपटलं, काही विचारलं नाही. तोही त्यांच्या डोळ्यांना डोळा न देता लोकांमध्ये मिसळला.

परतताना त्यांनी मला विचारलं, “माझा टाळ आलाच नाही गं?”

आणि मी म्हटलं, “त्याला लांबतोय असं वाटलं असेल, अण्णा.”

माझं वाक्य मी त्याच्या तोंडी घातलं. ही खरी गोष्ट. ऐकलं नाही, खोटं बोलले, ते सगळं मी अजून स्वतःला कसंबसं माफ करते.

“असेल,” अण्णा म्हणाले. “म्हातारा हात. त्याच्या लोकांत शोभला नसता.” पुढच्या गुरुवारी ते भजनाला गेले, पण टाळ घरीच ठेवून. हात दुखतो म्हणाले. पुढच्या वर्षी अण्णा वारले.

गेल्या महिन्यात, दुपारी, क्लासला सुट्टी असताना, मी ते नऊ तुकडे पहिल्यापासून ऐकले. खुर्ची ओढल्यासारखा वाटलेला पहिला तुकडा दोन मिनिटांनी असा काही उलगडतो की मी उठून पंखा बंद केला. तिसऱ्यात गिटार आमच्याकडच्या लग्नाच्या हळदीतल्या बेंजोसारखी नाचते. चौथ्यात फक्त पेटीचा भाता आहे, स्वर नाही, नुसता श्वास — म्हणजे पेटी त्याने सोडलीच नव्हती. इतका गुणी आहे हो माझा भाऊ, आणि मी भेंडी चिरत होते.

सहावा खरंच लांबतो. अण्णांचा हात मध्येच मंद होतो, एखादा ठोका चुकतो, आणि गिटार त्यांच्यासाठी थांबते. ते पुन्हा धरतात, मग ती पुढे जाते. तुकडा संपला तरी अण्णा वाजवतच राहतात. सुहासने त्यांना थांबवलेलं नाही, कापलंही नाही. शेवटी त्यांचा आवाज येतो, “झालं काय रे?”, आणि सुहासचं हसू.

सुहासला वाटतं, ताईने अण्णांचा टाळ ऐकला आणि मन घट्ट करून खरं ते सांगितलं. आजही नवीन काही केलं की आधी मला पाठवतो. “तुझ्यासारखं तोंडावर कुणी सांगत नाही,” म्हणतो. मी आता प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत ऐकते. त्याला हे सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं तुम्हालाही म्हणत नाही. आपल्या टाळाची मुलाला लाज वाटली, असं समजून अण्णा गेले. त्या कार्यक्रमानंतर एक अख्खं वर्ष ते रोज माझ्यासमोर बसून जेवले, आणि मी त्यांना तसंच समजू दिलं.