गणपतीला किती जागा लागते

आदिलाबादेत माझ्या काकांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असली कामं. नव्वदीच्या मधल्या वर्षांत त्यांनी नागपूरहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि नुकतीच बारावी झालेल्या मला, त्यांच्या पुतणीला, त्याच्यासमोर बसवलं. नागपूरला मावशीकडे राहून मी टायपिंग आणि पानं लावणं शिकून आले होते. जागा कशी मोकळी करायची, हे मात्र क्लासात कुणी शिकवलं नव्हतं.

लग्नसराई चालू होती. वांकिडीकडचे एक शेतकरी मुलीची पत्रिका करायला आले होते. एका बाजूनं मराठी, दुसरीकडून तेलुगू, कारण जावयाच्या कचेरीतली मंडळी मराठी वाचणारी नव्हती. मराठी बाजू लावून मी ती जपून ठेवायला गेले, तर पडद्यावर आलं की डिस्क भरली आहे.

“काऊन थांबली?” काकांनी विचारलं.

“जागा नाही म्हणते.”

काकांनी कॉम्प्युटरचा डबा मागूनपुढून पाहिला. मग त्यांना एकदम उमगलं. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून छापायच्या दिवसांत एक पत्रिका छापून झाली की तिचे खिळे सोडून पुन्हा घरांत टाकावे लागत, तेव्हा कुठे दुसरी जुळवता येई. “मंग जुनं सोड ना,” ते म्हणाले.

पत्रिकांना हात लावायचं माझ्या जिवावर आलं. त्याच घरातलं दुसरं लग्न निघालं की लोक तीच पत्रिका मागत. म्हणून आधी प्रश्नपत्रिका काढल्या, मग पावत्या, पत्रं. बरंच काही पुसलं, तरी जागा जेमतेम वाढली. हे मला कळेना. शेवटी कशाला किती जागा लागते ते पाहायला बसले. मजकुरानं गच्च भरलेली प्रश्नपत्रिका अगदी किरकोळ जागा घेत होती आणि चार ओळींची लग्नपत्रिका तिच्या कितीतरी पट. एका पत्रिकेतली नावं काढून पाहिली. फारसा फरक पडला नाही. मग वरचा गणपती काढला आणि ती वेगळ्या नावानं ठेवली. पत्रिका एकदम एवढीशी झाली.

नागपूरहून फ्लॉपीवर आणलेलं ते चित्र मी दर पत्रिकेत नव्यानं टाकत आले होते. म्हणजे डब्यात जितकी लग्नं, तितके गणपती.

काकांचा विश्वास बसेना. दोन्हीकडचे आजे, मामे, आत्या, मुहूर्त, पत्ता, सगळं मिळून गणपतीच्या पासंगालाही पुरत नाही? त्यांनी मला पुन्हा करून दाखवायला लावलं. वांकिडीचे पाहुणेही खुर्ची ओढून पाहत बसले. मी म्हटलं, सगळ्या पत्रिकांतले गणपती काढले तर पुष्कळ जागा होईल. पाहुण्यांना वेगळीच काळजी.

“मंग आमी बिनगणपतीची पत्रिका वाटावं काय?”

तेव्हा काका उठले आणि पायानं चालवायच्या जुन्या ट्रेडल छपाईयंत्राजवळच्या खणातून गणपतीचा धातूचा ठसा काढून आणला. पत्रिकेत वर जागा कोरी सोड, म्हणाले, तिथं मी लाल शाईनं हा वेगळा छापतो. पाहुण्यांना ठशातला गणपती चित्रातल्यापेक्षा आवडला. मी एकेक पत्रिका उघडून चित्र काढत गेले. काका शेजारी उभे होते. मी शेवटच्या पत्रिकेशी आले तेव्हा ते हळूच म्हणाले, “एक राहू दे मशीनमंदी.” तो राहू दिला. तेलुगू बाजूही त्या दिवशी लावून झाली.

काकांना मात्र नादच लागला. सवड मिळाली की येऊन विचारायचे, माझं नाव लिहिलं तर किती जागा? आडवी रेघ किती घेते? एकदा म्हणाले, कोरं पान ठेवून पाहा. ठेवलं, तर त्यालाही जागा लागली. आम्ही दोघं चकित.

“काहीच लिहिलं नाही, तरी?” काकांनी विचारलं.

दिवाळीत नागपूरला गेले तेव्हा क्लासच्या बाईंना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, पान केवढं, समास किती सोडायचा, अक्षर कुठलं, हे सगळं कोऱ्या पानाबरोबरही लिहून ठेवावंच लागतं. परत आल्यावर मी काकांना ते सांगितलं. ते ट्रेडलवर कागद लावत होते. हात थांबवून त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, समास कमी केला तर जागा वाचते काय, ते पाहिलं का तू?