मेंढ्यांचे टोमॅटो

अक्का, अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं, तेवढं माफ कर. ही वही तुला धाडेन की नाही, माहीत नाही. मनातल्या मनात तुझ्याशीच बोलत असते, म्हणून तुझ्या नावानं लिहिते.

मी निघाले त्या दिवशी तू माझ्या सुमीला घेऊन मागच्या दारी उभी राहिलीस, मला दिसू नये म्हणून. पण तिच्या परकराची किनार दिसली मला. आई जीपपर्यंत आली. रडली नाही. म्हणाली, "खाली मान घालून राहा. आणि कुठंबी गेलीस तरी अन्न टाकू नगंस." दोन्ही मी पाळलं.

तुम्हाला वाटायचं, कुवेतला मी बंगल्यात आहे. पहिली चार वर्षं मी वफ्राला होते, वाळवंटातल्या शेतावर. मालकाला इथं बाबा म्हणतात. त्याच्या माणसांचा स्वयंपाक करायचा आणि दुपारी शेडमध्ये टोमॅटो निवडून खोक्यांत भरायचे. शेडवर भिकाजीकाका होते, मालवणकडचे, साठीला आलेले. मी बोलत नसे म्हणून रोज चिडवायचे, "काय गो, तोंड घराक ठेवन इलस काय?" मी हसायचे. बाप गेल्यापासून मला असं कुणी चिडवलं नव्हतं.

अनुदानाचं मला त्यांनीच समजावलं. इथलं सरकार इथं पिकलेल्या मालावर किलोमागे पैसे देतं. शेजारचे देशही आपल्या शेतकऱ्यांना देतात, आणि एकमेकांच्या मालावर हद्दीवर जकात घ्यायची नाही असं त्यांनी मिळून ठरवलंय. त्यामुळे पलीकडचा टोमॅटो इथं येऊन आमच्यापेक्षा स्वस्त पडायचा. आमच्याकडे तर पाणीही विकतचं. "अनुदान आसा म्हणान ह्या शेत आसा," काका म्हणायचे. "ता बंद झाला की तू तुझ्या घराक, मी माझ्या."

शेवटच्या हिवाळ्यात पलीकडचा माल इतका आला की बाजारात उरायला लागला. बाबा तो गाडीभर उचलून शेतावरच्या मेंढ्यांना घालायचा. खोकी शेडमागे उतरवायचे. मी बघायला गेले तर वरचे फुटलेले आणि खाली लालबुंद, घट्ट फळं. माझा हात पुढं होईना. असं अन्न मेंढ्यांपुढं कसं ओतायचं? त्या दिवशी आमची तीन खोकी कमी भरत होती आणि काका दुपारच्या नमाजाच्या वेळी गाडी बघायला गेले होते. मी चांगली फळं वेचली, पदरानं पुसली आणि आमच्या खोक्यांत भरली. वाटलं, काका खूश होतील. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस खोकी तपासायला आला. एका टोमॅटोवर बारीक लेबल राहिलं होतं, अरबीत. मला ते वाचता कुठं येत होतं. त्यानं ते नखानं काढून बाबाला दाखवलं. परदेशी माल आपला म्हणून दाखवून अनुदान घेता, म्हणाला. त्या हंगामाचं अनुदान थांबलं, आधीचं परत करायचा कागद आला.

बाबानं सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. "कुणी भरली ही खोकी?" काका म्हणाले, मला माहीत नाही. शेड तुझी, मग तूच, बाबा म्हणाला. अक्का, मी चार हातांवर उभी होते. तोंड उघडलं होतं. सुमीची फी आठवली, आईचं खाली मान घालून राहा आठवलं, आणि मी खालीच बघितलं. काकांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यांचा तीन महिन्यांचा पगार कापून त्यांना घरी पाठवलं. जाताना माझ्याकडे मिठाची बरणी देऊन गेले. "लोणच्याक लागात तुका," म्हणाले.

पुढच्या वर्षी शेतही बंद झालं. मला शहराकडे, मंगफमध्ये काम मिळालं, नाशिकच्या इंजिनियरांच्या घरी. वहिनी चांगल्या आहेत. त्यांचा मुलगा मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो, पण मावशी म्हणतो. बाजारात टोमॅटोवर देशांची नावं असतात. वहिनी स्वस्त सांगतात, मी स्वस्तच आणते. वफ्राचे दिसले तर हातात घेऊन परत ठेवते.

पगारातून मी काकांना पैसे पाठवायला लागले. पहिले पोचले तेव्हा त्यांचा फोन आला. "गो, ह्ये पैशे कसले?" मी म्हणाले, बाबानं दिलेत, तुमचा कापलेला पगार थोडा थोडा देणार आहे. काका म्हणाले, "आणि मी त्येका उगाच शिव्या घालत होतंय. माणूस वायट नाय हो."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. दर महिन्याला त्यांचा फोन यायचा, आणि दर महिन्याला ते बाबाला दुवा द्यायचे.

तू विचारतेस, घरी कधी येतेस. सुट्टी मिळेल, अक्का. पण घर म्हटलं की हल्ली आपलं अंगण डोळ्यांपुढं येत नाही. मी कधी न बघितलेलं मालवणकडचं एक दार येतं. आधी त्या दारात उभं राहून काकांना सांगायचं आहे, तोंडानं. त्याशिवाय मी तुझ्या उंबऱ्याच्या आत आले तरी घरी आले असं होणार नाही.

काल शेवटचे पैसे पाठवले. काकांचा तीन महिन्यांचा पगार पूर्ण फिटला.