एकाच पत्त्याच्या दोन दऱ्या

आनारकानला गावात हुशार कोणी म्हणत नसे, तापट म्हणत. आपत्ती कार्यालयातलं संगणकांचं जाळं ती सांभाळायची, आणि साहेबाशी दोन हात केल्याशिवाय सकाळचा चहा तिच्या घशाखाली उतरत नसे. नवरा रशियात बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. आपलं म्हणावं असं माणूस उरलं होतं एकच, थोरला भाऊ तुरात. उन्हाळा लागला की मेंढ्या हाकत तो तार-सायच्या दरीतल्या कुरणावर जायचा आणि नदीच्या अगदी कडेला लोकरी नमद्याचा तंबू ठोकायचा.

या नद्यांचा भरवसा नाही. वर हिमनदीखालचं तळं फुटलं की चिखल-दगडांचा लोंढा येतो आणि खालचं सगळं पुसून नेतो. म्हणून केन-साय आणि तार-साय अशा दोन्ही दऱ्यांत पाणी मोजणारं यंत्र होतं, भोंगा होता, आणि यंत्र-भोंग्याला कार्यालयाशी जोडणारी एकेक पेटी होती.

पेट्या बसवल्या म्हाताऱ्या मेलिसने. आनारकान त्याच्याच हाताखाली शिकली. त्याने दोन्ही दऱ्यांतल्या यंत्रांना जाळ्यातले एकसारखेच पत्ते, म्हणजे ओळखीचे आकडे, दिले होते, मुद्दाम. "चौकीदाराला आकडे पाठ करायला लावू काय?" तो म्हणायचा. "पेटी मेली की फडताळावरची राखीव पेटी काढायची, घोड्यावर टाकायची, हव्या त्या दरीत लावायची. चालू." आणि चालायचंही. दऱ्यांना एकमेकींशी बोलायचंच नव्हतं, मग दोघींचा पत्ता एक असला म्हणून काय बिघडतं?

पुढे वरून हुकूम आला, सगळं क्लाउडवर न्या. हुकूम काढणाऱ्यांनी आयुष्यात दरी पाहिली नव्हती. आनारकानने भाड्याच्या त्या जागेतल्या पत्त्यांचे वाटे पाडले. एक सर्व्हरांचा, आणि एक रिकामा, फक्त आत यायच्या दाराचा, गेटवेचा. दऱ्यांकडून येणारे व्हीपीएनचे बोगदे त्या दारात उघडणार होते.

"एवढी जागा मोकळी?" साहेब, सोवेतबेक जापारोविच, कुरकुरला. "कॅमेऱ्यांचा सर्व्हर बसव तिथे."

"घरी दारात पलंग टाकता का, सोवेतबेक जापारोविच?"

"घरी बायको आहे. ती तुझ्याहून कमी बोलते."

जागा मोकळी राहिली. आता दोन दऱ्या एका दारात येणार, तर पत्ते वेगळे हवेतच. व्हीपीएनची नवी किल्ली भरायला तिने सगळ्या पेट्या कार्यालयात मागवल्या, राखीवसुद्धा, आणि भरून परत पाठवल्या. मग स्वतः केन-सायला गेली आणि तिथले पत्ते बदलले. तार-सायचे जुनेच ठेवले. टक्कर उरली नव्हती. काम आटोपल्यावर तिथला चौकीदार एर्गेश याच्या घरी कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायली. राखीव पेटी तिच्या डोक्यावरच्या फडताळावर होती. पेटीत जुनेच पत्ते होते. तिने वर पाहिलं नाही.

भर उन्हाळ्यात वीज पडून केन-सायची पेटी जळाली. एर्गेशने कोणाला न विचारता राखीव पेटी लावली, वर्षानुवर्षं लावत आला तशीच. कार्यालयातल्या पडद्यावर केन-सायचा चौकोन काळाठिक्कर झाला. तार-सायचा शांत होता. वर हिमनदीवर पाऊस होता, म्हणून सोवेतबेकने बचावाच्या दोन्ही गाड्या केन-सायकडे पिटाळल्या. कार्यालयातले झाडून सगळे त्या काळ्या चौकोनाकडे डोळे लावून बसले.

आनारकानने एर्गेशला फोन लावला; ती त्याला आके, म्हणजे दादा, म्हणायची. "एर्गेश आके, पेटी चालू आहे का?"

"हिरवा दिवा आहे, कारिंदाश," धाकट्या बहिणीशी बोलावं तसा एर्गेश म्हणाला. "तुझ्या नवऱ्यापेक्षा इमानी."

"पट्टीवर पाणी किती?"

"चाळीस. मेंढरूसुद्धा बुडायचं नाही."

तिची नजर तार-सायच्या चौकोनावर गेली. चाळीस.

"आके, यंत्रापुढे फळी धरा."

"फळी?"

"धरा म्हणते ना."

एर्गेशच्या यंत्राला फळी म्हणजे चढलेलं पाणी वाटलं, आणि पडद्यावर तार-सायचा आकडा टुणकन वर उडाला.

"काढा आता."

पुन्हा चाळीस. गेटवेच्या दारात एकाच पत्त्याचे दोन धनी उभे होते आणि दार केन-सायलाच तार-साय समजत होतं. खरी तार-साय काय म्हणते आहे, ते कोणालाच ऐकू येत नव्हतं.

विचार करायच्या आधीच तिने तार-सायचा भोंगा दाबला. भोंगा फोनमधून ऐकू आला.

"कारिंदाश, भोंगा इथे वाजतोय," एर्गेश म्हणाला. "पळू का?"

"नको. आधी पेटीची वायर उपटा, आके. आत्ता."

त्याने उपटली. तार-सायचा चौकोन क्षणभर थांबला, मग तोही काळा झाला. तार-सायचं खरं यंत्र आधीच वाहून गेलं होतं. ती भोंगा दाबत राहिली. सोवेतबेकने तिचा हात धरून बाजूला केला तेव्हा थांबली.

तुरातचा तंबू मिळाला नाही. तुरात मिळाला, बराच खाली. त्याची बायको बाटमा दळण आणायला गावात उतरली होती, म्हणून वाचली.

चौकशीवाले आले, पोटभर मटण जेवले आणि "नैसर्गिक आपत्ती" असं लिहून गेले. सोवेतबेक समजुतीने म्हणाला, "पाण्याने केलं असं कागदावर आहे. तू कशाला ओढून घेतेस?" मेलिसला त्या दिवसापासून कोणी घराबाहेर पाहिलं नाही.

तुरातच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आनारकान दाराशीच बसली. बायका उठून गेल्यावर बाटमाने विचारलं, "भोंगा का नाही वाजला?"

"वाजला, जेने," आनारकान वहिनीला म्हणाली. "दुसऱ्या दरीत."

मग तिने सगळं सांगितलं, फडताळावरच्या पेटीसकट. कोणाच्याही माथी काही मारलं नाही, मेलिसच्याही नाही. बाटमा चहाची किटली हातात धरून ऐकत राहिली.

आमच्याकडे हव्याशा माणसाला चहा अर्धाच पेला देतात, पुन्हा पुन्हा ओतायला मिळावा म्हणून. माणूस जायला हवं असेल तर पेला भरतात.

बाटमाने पेला काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे सरकवला. आनारकान तो तसाच कढत प्यायली आणि उठली.