सर्टिफिकेट रिन्यू केलं ते वर्ष

पंचावन्नाव्या वर्षी माझा नवरा पुन्हा एकदा परीक्षेला बसला.

सगळी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये झालेली. अ‍ॅशबर्नमधल्या त्याच्या कंपनीने एका सकाळी अख्ख्या टीमला घरी पाठवलं आणि त्यानंतर कित्येक महिने तो घरातच होता. मी एका डेंटिस्टच्या ऑफिसात बिलिंगचं काम बघते. मी सकाळी निघायचे तेव्हा तो लॅपटॉप उघडून बसलेला असायचा, संध्याकाळी परत आले तरी तिथेच. मुलगी नुकतीच लांब शॉमबर्गला नोकरीला लागली होती. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही एकमेकांशी फार जपून बोलत होतो.

आमच्या टाउनहाउसच्या मागे एक तळं आहे. घर घेताना एजंटने मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. खरं तर ते पावसाच्या पाण्यासाठी खणलेलं तळं. आसपासच्या छपरांवरचं, रस्त्यांवरचं, पार्किंगमधलं पाणी पाइपांतून तिथे येतं, गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी हळूहळू पुढच्या ओढ्यात सोडलं जातं. इतकी वर्षं तिथे राहून आम्हाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. एक दिवस तो तळ्याभोवती चालायला गेला, तर काउंटीचा, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाचा, एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळीत अडकलेल्या फांद्या ओढून काढत होता. दोघं बराच वेळ बोलत राहिले. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा लॅपटॉप बंद होता आणि नवरा कांदा चिरत होता.

"तुला माहितीये, हे मागचं तळं भरलं की पाणी कुठून बाहेर पडतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"चल, दाखवतो."

कांदा तसाच ठेवून आम्ही गेलो. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला झुडपांमागे काँक्रीटच्या एका पाइपचं तोंड ओढ्याच्या काठावर उघडत होतं. "याला आउटफॉल म्हणतात," तो म्हणाला. मला तो एक साधा पाइप दिसत होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघत मात्र मी बराच वेळ उभी राहिले.

पुढे काउंटीत त्याच कामाची जागा निघाली. स्टॉर्मवॉटर ऑपरेटर. अशी तळी, रस्त्याकडेच्या जाळ्या, पाइप यांची देखभाल करायची आणि बांधकामांवरचा चिखल ओढ्यात जात नाही ना ते बघायचं. अट अशी होती की पहिल्या वर्षात राज्याचं सर्टिफिकेट मिळवायचं आणि नंतर दर काही वर्षांनी क्लास करून ते रिन्यू करत राहायचं. त्याने अर्ज केला आणि त्याला घेतलं.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त डॉक्टर काका आहेत. त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना त्यांनी विचारलं, "म्हणजे गटारं का रे?"

"गटारं वेगळी, काका. ही पावसाच्या पाण्याची," असं म्हणून त्याने टेबलावरच्या वाट्या आणि चमचे मांडून सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. काकू पानं वाढून हाका मारत होत्या तरी ते संपेना. मला आधी जरा अवघडल्यासारखं होत होतं. त्याला होत नाही हे बघून माझंही अवघडलेपण गेलं.

परीक्षेसाठी तो कॉलेजातल्या मुलासारखा अभ्यास करायचा. मी पोळ्या लाटताना समोर टॅब उभा करून ठेवायची आणि एकेक प्रश्न विचारायची. उतारावरची माती वाहू नये म्हणून काय करायचं, जाळीत तेल तरंगताना दिसलं तर आधी कुणाला कळवायचं. त्याच्याबरोबर मलाही अर्धं पाठ झालं. क्लासमध्ये एक दिवस प्रत्यक्ष साइटवर नेऊन शिकवायचे. त्या दिवशी तो मांड्यांपर्यंत चिखलाने माखून आला, गराजमध्येच पँट काढली आणि हसत हसत वर गेला. पास झाला तेव्हा मी शिरा केला आणि आम्ही दोघांनी तो पातेल्यातूनच खाल्ला.

नंतरची वर्षं फार चांगली गेली. जोराचा पाऊस आला की लोक घरात बसतात, हा मला गाडीत घालून कुठल्या तरी नव्या वसाहतीमागचं तळं दाखवायला घेऊन जायचा. वायपर चालू ठेवून आम्ही थर्मासमधला चहा प्यायचो. तो बोलायचा, मी ऐकायची.

मग त्याला स्ट्रोक आला. सकाळची वेळ होती. तो स्वयंपाकघरात उभा राहून मला काहीतरी सांगत होता आणि मधेच त्याचं वाक्य सुटलं. मला वाटलं, घोट गिळतोय. वळून बघितलं तर त्याच्या हातातला कप तिरका होत चालला होता आणि चहा ओट्यावरून खाली सांडत होता. अ‍ॅम्ब्युलन्स लवकर आली. जीव वाचला, पायही बरा राहिला, उजवा हात थोडा अडखळू लागला. गेले ते शब्द.

त्याला सगळं समजत होतं. आपल्याला काय म्हणायचंय तेही कळत होतं. फक्त तोंडाशी शब्द येत नव्हता. "ते... ते..." एवढंच म्हणायचा आणि मग डोळे मिटून घ्यायचा. रिहॅबमध्ये स्पीच थेरपिस्ट होती, आमच्या मुलीच्याच वयाची. ती चित्रं दाखवायची. कप, कुत्रा, खुर्ची. तो चित्राकडे बघत बसायचा. ती नसताना मी मराठीतून प्रयत्न करायची. चहा म्हण. भात म्हण. मुलीचं लाडाचं नाव घे. तो माझ्या ओठांकडे इतक्या कष्टाने बघायचा की शेवटी मीच विषय बदलायची. लग्न झाल्यापासून तो मला नावाने क्वचितच हाक मारतो. "अगं" म्हणतो. ते मात्र मी त्याला म्हणायला सांगू शकत नव्हते. असं मागून घ्यायचं कसं?

एका दुपारी थेरपी चालू असताना बाहेर पाऊस लागला. खिडकीतून समोरच्या इमारतीचा पाइप दिसत होता. त्यातून पाणी हिरवळीवर पडत होतं. तो खुर्चीत पुढे वाकला, डावा हात उचलून तिकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आउटफॉल."

थेरपिस्टला वाटलं, काहीतरी असंबद्ध बोलतोय. ती हळूच म्हणाली, "दॅट्स ओके, ट्राय अगेन." मी तिला थांबवलं. हा खरा शब्द आहे, त्याच्या कामातला आहे, असं तिला सांगितलं. त्याने पुन्हा म्हटलं, "आउटफॉल." आणि आम्हा दोघींकडे बघून हसला.

तिने मला सांगितलं, असे आणखी शब्द असतील तर घेऊन या, जिथून दार उघडतंय तिथून आत जाऊ. मी हो हो म्हणत पार्किंगमध्ये आले आणि गाडीत बसून रडले. आनंद तर होताच, पण त्याच्यात रुसवाही होता, तो का लपवू? इतक्या वर्षांचा संसार, आणि पहिल्यांदा आठवला तो पाइप. संध्याकाळी मुलीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, ही लव्हज दॅट पाइप. लेट हिम हॅव इट." मग आम्ही दोघी हसलो.

तो घरी आल्यानंतर काही आठवड्यांनी सर्टिफिकेट रिन्यू करण्याची ईमेल आली. त्याच्या वतीने मेल मीच वाचत होते. मी स्क्रोल करून पुढे जाणार तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

"राहू दे रे आता," मी म्हटलं. "आधी बरा हो. त्याचं नंतर बघू."

"नाही," तो म्हणाला. अगदी स्वच्छ. मग स्क्रीनवर बोट आपटून पुन्हा, "नाही."

तो असा चिडलेला मी क्वचितच बघितला होता. मला वाटत होतं, अपयश आलं तर हा अजून खचेल. त्याच्या ऑफिसने त्याची जागा राखून ठेवली होती, पण तो परत जाऊ शकेल असं मला मनातून वाटत नव्हतं, आणि हे त्याला कळू नये म्हणून मी धडपडत होते. त्याला ते कळलेलं होतं. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

मी राज्याच्या ऑफिसला फोन करून विचारलं. फोनवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. क्लासचे तास पूर्ण करावेच लागतील, त्यात सवलत नाही, पण बरेचसे तास घरी बसून व्हिडिओवर करता येतील, आणि व्हिडिओ हवा तितक्या वेळा थांबवला तरी चालेल, असं त्या म्हणाल्या.

मग आम्ही बसायला लागलो. रोज माझं ऑफिस सुटल्यावर डायनिंग टेबलाशी. मी एक वाक्य झालं की व्हिडिओ थांबवायची आणि तो त्यातला एखादा शब्द धरायचा. "पाँड." "इनलेट," म्हणजे पाणी आत शिरतं ते तोंड. काही दिवस छान जायचे, काही दिवस एक शब्दही हाती लागायचा नाही आणि तो उठून मागच्या दारात जाऊन उभा राहायचा. मी त्याच्यामागे जात नसे. थोड्या वेळाने तोच परत यायचा आणि खुर्ची ओढून बसायचा.

एकदा पडद्यावर भिंगातून दिसावा तसा गढूळ पाण्याचा ग्लास होता. शिकवणारा सारखं "सेडिमेंट" म्हणत होता. नवऱ्याला ते म्हणता येईना. से, सेडी, से. चेहरा लाल झाला. मी म्हटलं, पुढे जाऊ या का? त्याने मान हलवली, टेबलावर हात आपटला आणि ओरडला, "अगं, गाळ! गाळ!"

आम्ही दोघंही थबकलो. "ते" आणि "नाही" सोडले तर स्ट्रोकनंतरचा त्याचा पहिला मराठी शब्द. आणि त्याच्या आधी, लक्षातही न येता, सहज निसटलेलं ते "अगं". मी त्यावर काही बोलले तर ते पुन्हा पळून जाईल अशी भीती वाटली. फक्त व्हिडिओ मागे नेला. "हो, गाळ," मी म्हटलं. "आता पुढचं बघू." त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि पुढचा सगळा भाग तसाच बघितला.

त्यानंतर मराठी यायला लागलं. ओढा, पाऊस, वास, मीठ. मुलीचं नाव त्याने फोनवर तिलाच ऐकवलं. ती पलीकडून कितीतरी वेळ नुसतं "हाय बाबा, हाय बाबा" म्हणत राहिली.

शेवटी अर्ध्या दिवसाचा प्रत्यक्ष साइटवरचा भाग उरला. त्याच्याबरोबर काम करणारी एक तरुण मुलगी त्याला घ्यायला आली. मला म्हणाली, तुम्हीही चला. मी लांब गाडीत बसून बघत होते. दहा-बारा जण तळ्याच्या काठावर उभे होते आणि शिकवणारा प्रत्येकाला विचारत होता, इथे तुम्हाला काय बिघडलेलं दिसतंय. याची पाळी आली तेव्हा तो गप्पच राहिला. माझा हात गाडीच्या दाराच्या हँडलवर गेला. त्याच्या सोबतची ती मुलगी शेजारीच उभी होती, पण तिने त्याच्याऐवजी उत्तर दिलं नाही. शिकवणाऱ्यानेही घाई केली नाही. सगळे त्या गार वाऱ्यात खिशात हात घालून उभे राहिले. मग त्याने तळ्याच्या बांधाकडे हात केला आणि काहीतरी म्हणाला. सगळे तिकडे वळले. घरी जाताना त्या मुलीने मला सांगितलं, बांधावर उगवलेल्या झाडांविषयी बोलला तो. "ट्रीज. रूट्स. लीक." त्यांची मुळं बांध पोखरतात आणि मग पाणी झिरपतं. तीन शब्दांत सगळं सांगून झालं होतं.

सर्टिफिकेट रिन्यू झालं. तो आता आठवड्यातल्या काही सकाळी कामावर जातो. एकटा जात नाही, गाडी चालवत नाही. तो बघतो आणि फोटो काढतो, त्याच्याबरोबरची ती तरुण मुलगी रिपोर्ट लिहिते. फोनवर बोलणं त्याला अजून जड जातं. दमला की शब्द पुन्हा हरवतात, आणि डॉक्टर म्हणतात की काही कायमचे हरवलेलेच राहतील. आम्ही मोजत नाही.

त्याला सोडायला मी जाते. परवा ऑफिसच्या दारात उतरून तो चालू लागला, तर डबा सीटवरच राहिलेला. मी काच खाली करून हाक मारली. तो परत आला, डबा घेतला आणि खिडकीशी तसाच उभा राहिला. काहीतरी म्हणायचं होतं. मी वाट बघत बसले. मागची गाडी थांबली होती, तिनेही हॉर्न वाजवला नाही.

"तू जा आता," तो म्हणाला. मग थांबून, प्रत्येक शब्द जागेवर ठेवत, "उशीर होईल तुला."

स्ट्रोकनंतर माझ्याशी बोललेलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य. मी हो म्हटलं, पण तो आत जाऊन दार बंद होईपर्यंत गाडी हलवली नाही. त्या दिवशी मला खरंच उशीर झाला.