सड्यावर गाड्यांची जत्रा आणि वाटेवरची डबलबारी

सावंतवाडीहून निघताना पिशवीत दोनच साड्या घेतल्या, कारण परत एसटीने यायचं होतं. जाताना मात्र गाडीने. यांची जुनी मोटार, ताकाच्या रंगाची, गोल बॉनेटची. हे जाऊन तीन वर्षं झाली. गाडी मी शिकले ती त्यानंतर, आणि चालवली ती बाजारापर्यंतच. पुण्याहून मुलगा सांगत राहिला, "आई, उभी राहून गंजेल ती." कोल्हापूरचे एक डॉक्टर जुन्या गाड्या जमवतात, त्यांना देऊन टाकायचं ठरलं. मालवणच्या अलीकडे चौके गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, जुन्या गाड्यांचा मेळा होता, तिथे ते येणार होते. किल्ली त्यांच्या हातात ठेवायची आणि सुटायचं.

तुम्ही जाणार असाल तर कुडाळला टाकी भरून घ्या, मात्र आठवडा बाजाराच्या दिवशी गावातून जाऊ नका. पुढे नेरूरपारचा पूल. तिथे मी इतकी हळू झाले की मागचा टेंपोवाला ओरडला, "आवशी, ह्यां पाणी काय पळान जाता?" खाली नदी रुंद, स्तब्ध, कडेचे माड तिच्यात उलटे. टेंपोला पुढे जाऊ दिलं. धामापूरची वळणं दुसऱ्या गिअरमध्ये काढली.

गाडीत कॅसेट होती, पण लावली नाही. गावच्या सप्त्यात यांनीच टेप केलेली डबलबारी. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, एकाने गाऊन प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यायचं. त्यातली एक झांज यांची आहे. तीन वर्षांत ते बटण दाबायचा धीर झाला नव्हता.

रात्री तारकर्लीत उतरले. माडांतली घरगुती खोली, बाराशे रुपये, बांगड्याचं तिखलं आणि भात त्यातच. खोली साधी, पण समुद्राचा आवाज उशाला.

सकाळी सड्यावर चढले आणि गाडीतून उतरायचंच विसरले. काळ्या कातळावर पिवळं गवत, त्यात या गाड्या. लाल, निळ्या, एक शेवाळी. बॉनेटवर आभाळ इतकं स्वच्छ उतरलेलं की ढग एका गाडीवरून दुसरीवर जाताना दिसावेत. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, बाकी सगळं वाचनालयातून. वाचून पुष्कळ गोष्टी ठाऊक होत्या, पण लोखंड इतकं देखणं असतं हे डोळ्यांनीच कळायचं असतं.

आणि करमणूक किती! किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांनी जीपला शीड लावून तिचं होडकं केलेलं. गाड्यांनी उलट्या जात नारळांमधून वाट काढायची. ज्याच्या चाकाखाली नारळ फुटेल, त्याने तो तिथेच खवणीवर बसून खवायचा. एक जाडगेले वकील खोबरं खवत बसले होते आणि बायका वरून बजावत होत्या, "वकीलसायबांनू, करवंटी नको हां त्येच्यात!" तेच खोबरं पलीकडे उसळीत पडत होतं. उसळ-पाव चाळीस रुपये. जरूर खा.

प्रत्येक गाडीने आपलं गाणं वाजवत एक फेरी मारायची होती. माझ्या शेजारी मालवणची फिलूबाय, सत्तरीची, स्वतःची जीप घेऊन आलेली. तिच्या जीपमध्ये व्हायोलिन आणि घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजत होतं.

"तुज्या गाडयेत काय वाजता गो?"

"काही नाही."

"मगे ती गाडी नाय, कपाट!"

फेरीच्या आधी गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठल्याही शुभकार्याआधी गावातला मानकरी देवाला मोठ्याने मागणं घालतो आणि जमलेले सगळे त्याला होकार देतात. मानकरी पांडूतात्या. हातात नारळ घेऊन ते एकेका गाडीपाशी थांबत होते.

"बा देवा महाराजा! ही तुजी लेकरां आपापली चाकां घेवन ह्या सड्यार जमली आसत..."

"व्हय महाराजा!"

"तेंचो ब्रेक लागाक होयो थंय लागांदे..."

"व्हय महाराजा!"

माझ्या गाडीशी आले आणि गाडी ओळखून, पूर्वी हे दर मेळ्याला यायचे त्या सवयीने, म्हणून गेले, "ही विनायकाची गाडी. विनायकाक सुखरूप घराक पोचव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा सडा म्हणाला.

यांचं नाव इतक्या मोठ्याने तीन वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. मग कोणीतरी कुजबुजलं, "तात्यानू, विनायक गेलो मां..." तात्यांचा चेहरा पडला.

मी म्हटलं, "गाडी त्यांचीच. चालवते मी."

तात्यांनी नारळ पुन्हा वर धरला. "चुकलंय, देवा महाराजा! गाडी विनायकाची, चालवणारी तेची बायल. जशी घेवन इली तशीच ती गाडी घेवन घराक पोचांदे!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझ्यामागून आला. कोल्हापूरचे डॉक्टर.

ओळख पटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, मी पण व्हय म्हणालो की! आता नेऊ कशी?"

फिलूबाय म्हणाली, "मी किरिस्तांव, तरी व्हय म्हटलंय. आता ती हिच्याच घराक जातली."

डॉक्टर शहाणे. म्हणाले, "गाऱ्हाणं आजचं आहे. पुढच्या महिन्यात घरून नेतो." बरोबरच होतं त्यांचं. किल्ली माझ्या मुठीत घामेजली होती. मी अशा गोष्टी फारशा मानत नाही. पण मघाशी 'चालवणारी' म्हणून जो शब्द सगळ्यांच्या तोंडून मंजूर झाला होता, तो मला परत करवेना.

"नको डॉक्टर," म्हटलं. "मुलाला मी सांगेन."

फेरीला बटण दाबलं. पखवाज सुरू झाला, मग झांज. मी गिअर टाकला आणि गाडी सरळ चालली.

परतीला सगळी वाट तीच कॅसेट. गाडी चालवायला याहून चांगलं संगीत मला तरी ठाऊक नाही. बुवा प्रश्न संथ टाकतात तेव्हा चढण येते, गजर चढतो तेव्हा रस्ता मोकळा होतो. पुलावर पुन्हा हळू झाले. या वेळी मागे कोणी नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दुसऱ्या बुवांचं उत्तर अजून संपायचं होतं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "गाडी परत हाडलंस गो? मगे उतर तरी!"

मी नकारार्थी मान हलवली. गाऱ्हाण्यात घरी पोचायचं मागितलं होतं. उतरायचं कोणी मागितलं नव्हतं. बारी संपेपर्यंत मी आतच बसून राहिले.